कागदी बाहुलीचा साचा

पाएते गावात कागदाच्या बाहुल्या कुणीही करील, पण साच्यावरून त्या अखंड सोडवाव्यात मीच. लाकडी साच्यावर खळ लावलेले कागद चढवायचे, उन्हात कडक वाळवायचे आणि पाठीवर चीर द्यायची. माझी सुरी लागल्याशिवाय आतलं काही बाहेर येत नाही.

आज दुपारी पोरीएवढ्या बाहुलीची पाठ चिरली, तर आत पोकळ.

"बसिलिया, साचा कुठाय गं?"

भावजयीने फळीकडे बोट दाखवलं. साचा तिथेच धूळ खात पडला होता.

"मग कागद कशावर चढवलेस?"

"अंगणात उभा होता, त्यावर. तुम्हीच ठेवला होतात ना, वन्सं?"

मी बाहुलीच्या आत डोकावले. डोळ्यांच्या जागी, वाळलेल्या खळीत, पापण्यांचे केस चिकटले होते.