कोंबडीखाऊ

मेलेला ससाणा खुराड्याच्या दारावर उलटा टांगलेला होता. रोशिलाने सुतळी तोडली, पक्षी हातात घेतला आणि तशीच ती तोंतों गॅस्पारच्या ओसरीवर चढली. शाळेची पोरं मधली सुट्टी टाकून तिच्या मागे आली होती. पोरं फाटकातच थबकली.

गॅस्पार मका सोलत बसला होता. साऱ्या गावाचा तो तोंतों, म्हणजे काका. त्याने काहीच लपवलं नाही. कोंबड्या जाताहेत, म्हणून त्यानेच गलोलीने पाडला. एक टांगला की बाकीचे फिरकत नाहीत, त्याचा बापही असंच करायचा. या वयातही नेम शाबूत आहे, हे त्याने आवर्जून सांगितलं.

रोशिलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॉरिशसच्या या डोंगरांत हे ससाणे थोडेच उरले होते आणि जगात दुसरीकडे कुठे नव्हतेच. या नराला तिने पिंजऱ्यात स्वतःच्या हाताने भरवून वाढवलं होतं, मग रानात सोडलं होतं. शाळेच्या चिंचेवर टांगलेल्या पेटीत त्याची पिल्लं होती. आणि गावाच्या तोंडी त्याचं अजून एकच नाव, कोंबडीखाऊ. मूठभर पाखरू ते, कोंबडीची तंगडीही त्याला उचलली नसती. मुंगूस खुराड्यात शिरून खुशाल ताव मारतं, त्याला कोणी नावं ठेवत नाही.

"इकडे बघा," ती म्हणाली. खिशातलं पातं काढून तिने सगळ्यांसमोर पक्ष्याचं पोट चिरलं. आतून हिरव्या पालीचं शेपूट निघालं. "कुठे आहे तुमची कोंबडी? दाखवा मला."

गॅस्पारने वाकून नीट पाहिलं. "आज पाल मिळाली, पाल खाल्ली," तो म्हणाला. "उद्या नाही मिळाली तर?"

तिने खुंटीवरची गलोल ओढली आणि त्याच पात्याने तिचं रबर कापून टाकलं. वयाचा मान न ठेवता त्याला नाही नाही ते ऐकवलं. तो शांतपणे मका सोलत राहिला. नव्या रबराला सायकलची जुनी ट्यूब घरात पडलीच आहे, एवढंच म्हणाला.

मग तिला प्रश्न पडला. पेटीपाशी नसला की हा पक्षी दिवसभर उंच कड्यावर बसणारा. तिथवर गलोल पोचत नाही. हा इथे खाली आलाच कसा?

"नातीला विचार," गॅस्पार कौतुकाने म्हणाला. "शीळ घातली की थेट अंगणात. छान शिकवलंस हो, मिस."

शिकवलं होतं खरं. पोरांना पक्षी जवळून दिसावा, त्याचा लळा लागावा, म्हणून शाळेच्या पटांगणात तिने एकेकाकडून ती शीळ घोटून घेतली होती. शीळ ऐकली की ससाणा यायचा आणि तिने उडवलेला पांढरा उंदीर हवेतच झेलायचा. पोरं टाळ्या पिटायची. गॅस्पारच्या नातीची, ओरेलीची शीळ सगळ्यांत सरस होती.

ओरेली फाटकाला धरून उभी होती. आजोबांना दाखवायचं होतं, ती म्हणाली, की तो कोंबडी नाही खात, उंदीर खातो. पण तिच्याकडे उंदीर नव्हता. तिने नुसतीच शीळ घातली, आणि तो येऊन खुराड्यावर बसला.

रोशिलाला ओरडायचं होतं. राग तसूभरही कमी झाला नव्हता, पण आता कोणावर ओरडायचं ते तिला कळेना. हातातला पक्षी केव्हाच गार पडला होता.

तेवढ्यात वरून चिरका आवाज आला. मादी होती. सकाळपासून नराने काही आणलं नव्हतं, आणि इथे तर ओळखीची माणसं जमलेली. ती घिरट्या घालत खाली खाली येऊ लागली. गॅस्पारने वर पाहिलं, गुडघ्यावर हात टेकून उठला आणि ट्यूब शोधायला घरात गेला.

एका लहानग्याने सवयीने शीळ घालायला ओठांचा चंबू केला. ओरेलीने झेप घेऊन त्याचं तोंड गच्च दाबलं.

"मिस," हात तसाच ठेवून तिने विचारलं, "आता तिला आमची भीती धरायला शिकवाल?"