तिगावच्या क्लबाला मॅनेजर पाहिजे

“याले घरी पाठव,” रघुनाथराव म्हणाले, आणि दुसरा माणूसही चहा अर्धा टाकून सौंसरच्या घराच्या ओसरीवरून उठला.

पहिला काळा चष्मा न काढताच बोलला, म्हणून गेला होता. या दुसऱ्याने बसल्या बसल्या सुट्ट्या विचारल्या.

वच्छलाबाईंनी कपबशी आदळली. “तुमाले मॅनेजरीले देव उतरून पाह्यजे का?”

“देवाले गोल्फ येत नाही.”

“अन् तुमाले बसून बसून बरं होता येते? डॉक्टर तिकडे नागपूरले वाट पाहून राहिला, अन् हे इथं पोरीले स्थळं पाहाव तसे मॅनेजर पाहून राहिले!”

गोष्ट एवढीच होती. रघुनाथरावांच्या काळजाच्या नळ्या बुजत चालल्या होत्या. ऑपरेशन आता लांबवू नका, असं डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. पण म्हातारा अडून बसला. तिगावच्या गोल्फ क्लबासाठी जनरल मॅनेजर नेमीन, मगच टेबलावर आडवा होईन. रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी माळावर गवत लावून बसवलेला तो क्लब. रघुनाथरावांनी मिशी फुटल्यापासून ती पिकेपर्यंत त्याची मॅनेजरी केली. सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी आठवत नसे, पण कोणत्या मेंबराचा चेंडू कोणाच्या बागेत गेला होता, ते सगळं पाठ.

वच्छलाबाई शाळेत गेल्या त्या दुसरीपर्यंत. पण बसलेल्या बैलाला शेपटी पिळून उठवायचं की चारा दाखवून, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. शेपटी पिळून झाली होती.

तिसरा माणूस त्यांनी पांढुर्ण्याहून बोलावला. नाव गजेंद्र. अंगात कोट, पायात चकचकीत बूट. वच्छलाबाईंनी त्याला फाटकातच धरलं.

“कमी बोलजो. विचारलं तेवढंच सांगजो. सुट्टीचं नाव काढलं तं तंगडी मोडीन.”

“पन काकू, गोल्फची काठी कोन्या हातात धरतात, मले तेही...”

“मॅनेजराले खेळाचं नसते. खेळनाऱ्याइले सांभाळाचं असते. चाल, घुस आत.”

सून अश्विनी चहा घेऊन आली ती हसू दाबत, ओठ चावतच. सासूने डोळे वटारले, तशी ती ट्रे ठेवून आत पळाली.

रघुनाथरावांनी गजेंद्रला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग बायकोकडे वळले. “हे सारं घरी काऊन? क्लबात काऊन नाही?”

“तिथं रंग लावून राहिले. वासानं तुमालेच खोकला येते.”

“हं,” म्हातारा म्हणाला. मग गजेंद्रला विचारलं, “मेंबराचा चेंडू कास्तकाराच्या संत्राबागेत गेला. झाडाले बहार आहे. काय करशीन?”

“चेंडू जाऊ देईन, साहेब. मेंबराले नवा देईन.”

“अन् मेंबर भडकला तं?”

“त्याले चहा पाजीन. कास्तकार भडकला तं चहानं भागत नाही.”

रघुनाथराव कितीतरी दिवसांनी हसले. “बरं. मोठा अफसर आला. दारावर पाटी आहे, मेंबराशिवाय कोनी आत येऊ नये.”

“सामोरा जाईन, हात धरून आत आनीन.”

“अन् पाटी?”

“आत आल्यावर पाटी त्याच्या पाठीमांगे राहीन ना, साहेब.”

वच्छलाबाई सुपारी कातरता कातरता थांबल्या. हे त्यांनी पढवलेलं नव्हतं. पोरगं भलतंच रंगात आलं होतं.

रघुनाथराव पुढे सरकले. “आता शेवटचं. लोक म्हनतात, जुना क्लब, जुना खेळ. कोनाले पाह्यजे आता? तू काय म्हनशीन?”

गजेंद्रने वच्छलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर अडकित्त्यावरून उचलली नाही.

“म्हनीन,” तो हळू बोलला, “का एका मानसानं ज्याच्यावर सारी जवानी लावली, ते जुनं होते, वाया जात नाही. मी गवत पिवळं पडू देनार नाही, साहेब.”

रघुनाथरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून गजेंद्रच्या हातावर ठेवला.

“कुलपाले तेल देत जाजो.”

गजेंद्र पाया पडला. उठताना त्याचे डोळे भरलेले होते.

“झालं ना समाधान?” वच्छलाबाईंनी विचारलं. “का आता चपराशी पाहाचा आहे?”

“मानूस नेमला ना. आता घरी बसून काय माशा मारू? रोशनले म्हना गाडी काढ.”

पिशव्या भरलेल्याच होत्या. मुलगा रोशन गाडी चालवायला बसला, म्हातारा-म्हातारी मागे. सौंसर मागे पडलं. दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा सरकू लागल्या. वच्छलाबाई पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. घरातल्या शिकलेल्या सगळ्यांनी म्हाताऱ्यापुढे हात टेकले होते, आणि दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईने त्याला गाडीत बसवून दाखवलं होतं. फसवायला अक्कल लागते, शाळा नाही. त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर शाल नीट केली. किती दिवसांनी त्यांचा जीव असा थंड झाला होता.

“पांढुर्ण्याच्या शाळेचा तो गजेंद्र मास्तर चांगला बोलला,” रघुनाथराव डोळे मिटूनच म्हणाले. “क्लबाच्या जागी कापसाची जिनिंग उभी होऊन जमाना झाला, वच्छले. पन तू माह्यासाठी एवढी मानसं नटवून आनली, मंग मले निघाच लागलं.”