शेवटच्या फळीची पाठ

"आता मी सांगतो त्यावर तुमचा कोणाचा विश्वास बसायचा नाही," मिस्त्री म्हणाला आणि त्याने जेवणाच्या डब्याचं झाकण लावलं. "हिच्या बापाने रंधा मारला की छिलका इतका पातळ निघायचा, की एकदा तो उडाला आणि थेट मॅनेजरच्या चहात पडला. मॅनेजरने साय समजून पिऊन टाकला. वर म्हणाला, आज दूध चांगलं आहे."

पॉलिशवाला हसला. वायरमनला ठसका लागला. जिच्या बापाची गोष्ट चालली होती ती मात्र हसली नाही. ती मांडीवर कटावणी घेऊन समोरच्या भिंतीकडे बघत होती. भिंतीवर जुन्या पॅनेलिंगची एकच फळी उरली होती.

इथे आधी बँक होती. आता चष्म्यांचं दुकान होणार होतं. दुकानांच्या आतल्या सुतारकामाला आयुष्य थोडकंच असतं. मालक बदलला की काउंटर, पार्टिशन, भिंतीवरचं पॅनेलिंग, सगळं उखडून ट्रकमध्ये जातं. नव्या सुताराचं पहिलं काम म्हणजे जुन्या सुताराचं काम मोडणं.

तिचे बाबा जन्मभर हेच करत आले आणि भुशाने छाती भरून गेले. ते गेल्यावर ती त्यांनी सजवलेली दुकानं बघत हिंडली. औषधांच्या दुकानात आता बूट विकत होते. पुस्तकांच्या दुकानाची जिम झाली होती. बाबांच्या हातचं कुठे काही उरलं नव्हतं. ही बँक तेवढी राहिली होती, आणि तीही आता तोडायला काढली होती. म्हणून मावशीकडचं शिवणकाम सोडून ती या मिस्त्रीच्या हाताखाली लागली.

"काय सापडणार आहे तुला तिथे?" आई म्हणाली होती. "त्यांचा खोकला?"

सापडण्यासारखं एक होतं. फळी भिंतीला लावण्याआधी सुतार तिच्या पाठीवर आपली खूण करून ठेवतो. मालकाला ती कधी दिसत नाही. दिसते ती फळी उखडणाऱ्या पुढच्या सुताराला. म्हणून ती निघालेली प्रत्येक फळी उलटी करून बघत होती. कुणाकुणाची नावं निघाली. एका फळीवर ठेकेदाराला सुवाच्य अक्षरात घातलेली शिवी निघाली. तिला हवं होतं ते निघालं नाही. मिस्त्रीला तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "बाबांची एक तरी खूण मिळाली तर राहीन. नाहीतर मावशीचं मशीन आहेच."

"वेणी आवर आधी," मिस्त्री एवढंच बोलला होता. "आमचा कटर फार प्रेमळ आहे. जवळ येईल त्याला ओढून घेतो." तिने वेणी गुंडाळून हेल्मेटखाली कोंबली.

तिचा हात चांगला होता. काटकोन तपासायचा गुण्या ती थेट बापासारखा धरते, असं मिस्त्री सगळ्यांना सांगत सुटला होता. बाजूच्या भिंतीला नव्या फळ्या टेकवून ठेवल्या होत्या. त्यातली पहिली तिने लावावी, असं तो सकाळपासून तिच्या मागे लागला होता. ती ड्रिलला हात लावत नव्हती. "आधी जुन्या संपू देत," म्हणायची. दरवेळी आवाज थोडा आणखी बारीक व्हायचा.

"आम्ही एका डब्यात जेवलोय, पोरी," मिस्त्री आता म्हणाला. "तुझा बाप दाराला नुसता दटावायचा, की दार आपणहून चौकटीत बसायचं. आणि अक्षर काय होतं त्याचं. मोत्याचे दाणे. आम्ही सही करायचो, तो अक्षर कोरायचा."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग उठली आणि कटावणी फळीच्या फटीत घातली.

फळी फारसा झगडा न करता निघाली. एक खिळा तर आधीच ढिला होता. तिने फळी उलटी केली. पाठीवर वर्षानुवर्षांची धूळ होती, फक्त मधे हाताएवढी जागा स्वच्छ होती. तिथे पेन्सिलीने तिच्या बाबांचं नाव लिहिलं होतं, आडनावासकट. खाली झोकदार रेघ.

"बघ," मिस्त्री म्हणाला. "मी काय म्हणत होतो."

पॉलिशवाला बूट न्याहाळू लागला. वायरमनला अचानक तारा आठवल्या. तिने नावावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. तिने नाव पुन्हा वाचलं, फळी ढिगावर न टाकता अलगद भिंतीला उभी केली आणि मिस्त्रीसमोर हात पुढे केला.

"पेन्सिल द्या."

त्याने कानावरची पेन्सिल दिली. नव्या फळ्यांतली पहिली तिने आडवी पाडली, गुडघे टेकले आणि पाठीवर काहीतरी काढायला लागली. तीन रेघा. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, परत पहिली. सरावाचा हात असावा तशी ती रेघा भराभर खाली उतरवत गेली. टोकाला तिने एक गाठ मारली.

"हे काय?" मिस्त्रीने विचारलं. "नाव टाक की, बापासारखं."

तिने पेन्सिल त्याच्या कानावर परत खोचली आणि ड्रिल उचललं.

"बाबांना लिहायला येत नव्हतं, मिस्त्री," ती म्हणाली. "ते फळीमागे माझी वेणी काढायचे."