रिकामं पॅकेज

पुन्हा लाल अक्षरं. पॅकेज सापडत नाही. दादाची अर्धवट वेबसाइट आपल्या संगणकावर पुरी करायला बसलेल्या बहिणीने ओठ चावला, हवं ते पॅकेज, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तुकडा, नेटवरून उतरवून घेतलं आणि बिल्ड, म्हणजे सगळ्या तुकड्यांची जुळणी, परत चालवला. आता दुसरंच काहीतरी सापडेना.

दादा म्हणायचा, वेबसाइट बांधणं म्हणजे घरी पाहुणा बोलावणं. एकाला बोलवावं तर तो मेव्हण्याला घेऊन येतो, मेव्हणा मावसभावाला, आणि मावसभाव दारातूनच सांगतो, माझा चहा बिनसाखरेचा. सगळ्यांची सोय लागल्याशिवाय काम इंचभर पुढे सरकत नाही. दुपारपासून ती एकेका पाहुण्याची सोय लावत बसली होती. दादा असता तर शेजारी बसून हसला असता. पण दादा गेल्या महिन्यात अपघातात रस्त्यावरच गेला, घरी येता येता.

पलीकडच्या खुर्चीत आई होती, मांडीवर पाटी घेऊन. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं तेव्हापासून आईचं बोलणं पाटीवर आलं होतं. ऑपरेशनच्या आधी दादाने तिला समोर बसवून वाचायला लावलं होतं. वर्तमानपत्र, औषधांची वेष्टनं, देवाची नावं. वाचायचं संपलं तेव्हा शेजारणीची निंदासुद्धा. तो सगळा आवाज त्याने आपल्या लॅपटॉपमध्ये भरून घेतला. आईने टाइप करावं आणि तिच्याच आवाजात बोललं जावं, अशी ती वेबसाइट होती.

"देवाने दिलं, देवाने नेलं," आवाज गेल्यावर आईने पाटीवर लिहिलं होतं.

"मग मी त्याच्याकडून उसनं मागून आणतो," दादा म्हणाला होता.

उन्हं कलली तेव्हा एकच लाल ओळ उरली. जे पॅकेज सापडत नव्हतं, त्याचं नाव होतं 'आईचा-आवाज'. ते नेटवर कुठेच नव्हतं. तिने दादाच्या ऑफिसातल्या मित्राला फोन लावला.

"काकू?" पलीकडचा आवाज एकदम वर चढला. "काकू, तुम्ही बोलताय? झालं सुरू?"

"काकू नाही रे. मी."

हे नेहमीचंच होतं. मायलेकींचा गळा एकच. नातेवाईक फोनवर तिलाच आई समजून अर्धी भानगड सांगून मोकळे व्हायचे. ऑपरेशन झाल्यापासून मात्र ती घरात अगदी हळू बोलायची. आपला आवाज दुसऱ्याच्या गळ्यातून का म्हणून ऐकावा आईने?

तिने न सापडणाऱ्या पॅकेजचं नाव सांगितलं. मित्र म्हणाला, "ते त्याने स्वतः लिहिलंय. बाकीची वेबसाइट नेटवर ठेवली, पण हे स्वतःच्याच मशीनवर ठेवायचा. कच्चं काम चारचौघांत मांडू नये म्हणायचा. लॅपटॉप आहे ना?"

लॅपटॉप ऑफिसचा होता. तिनेच तो परत नेऊन दिला होता, वर पडदा ओढणीने पुसून. ऑफिसने नियमाप्रमाणे तो कोरा केला होता. जुन्या व्हिडिओंमध्ये आई होती, पण मिक्सरच्या घरघरीखाली आणि पोरांच्या हसण्याखाली दबलेली.

"मग एक कर," मित्र म्हणाला. "त्याच नावाचं रिकामं पॅकेज ठेव. आत काही नको, नुसतं नाव. बिल्ड तरी होईल."

तिने ठेवलं. लाल गेलं, हिरवं आलं. वेबसाइट उघडली. पांढरी चौकट, खाली एक बटण: बोल.

ते हिरवं आईनेही पाहिलं होतं. ती खुर्ची ओढत जवळ आली.

"आई, थांब जरा, अजून आतलं..."

आईने हाताने तिला बाजूला सारलं. मागेल चहा, लेकीला वाटलं. नाहीतर शेजारणीचा राहिलेला हिशेब पुरा करील. आई एका बोटाने अक्षरं शोधत राहिली, आणि चौकटीत एकच शब्द उमटला.

खारू.

दादाचं हे नाव फक्त आईच्या तोंडचं. लहानपणी झाडावर खारीसारखा सरसर चढायचा म्हणून. दिवेलागणीला आई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून हाक मारायची, आणि एका खारूसाठी मारलेल्या हाकेने गल्लीतली सगळी पोरं आपापल्या घरी पळायची.

आईने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मग वाकून कान स्पीकरला लावला आणि तिसऱ्यांदा दाबलं.

दादाला नेलं त्या दिवशी सगळे मोठ्याने रडले होते. आई धावत जिन्यापर्यंत गेली होती. तोंड उघडलं होतं तिने. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. खाली उतरणाऱ्यांपैकी कुणी मागे वळून पाहिलं नाही, कारण कुणाला काही ऐकूच आलं नव्हतं.

लेक उठली. दार उघडून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने आवाज दाबून धरला नाही.

"खारूऽऽ! अंधार पडतोय, घरी ये रेऽऽ!"

हाक जिन्याने उतरत तळापर्यंत गेली. खाली कुणाचं तरी दार करकरलं.

ती आत आली तेव्हा आईचे खांदे गदगदत होते. दादा गेल्यापासून कोरडा राहिलेला तो चेहरा हनुवटीपर्यंत भिजला होता. आईने डोळे पुसले नाहीत. त्याच बोटाने तिने चौकटीतला शब्द खोडला आणि लिहिलं:

आणखी एकदा.