डाव्या बाजूचे डाग

“पण डावीकडेच का?” सासूबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

गाड्यांवरचे डाग काढणारे डागमास्तर पत्रा निवायची वाट बघत होते. गाडी नुकतीच धुऊन सावलीत घेतली होती, आणि पत्रा पुरता गार झाल्याशिवाय ते ना डागाला हात लावत, ना डागाबद्दल तोंड उघडत. गाडीवर वरपासून खालपर्यंत पारदर्शक फिल्म चढवलेली होती. मूळ रंग जपायला लावलेली ही कातडी, पण पाणी वाळलं की डाग तिच्यावरच बसतो.

“बाई, डाग काढून हवेत की डागांची चौकशी हवी?”

“दोन्ही.” त्या स्टूल ओढून बसल्या. “डाग बघून तुम्ही पाणी ओळखता असं ऐकलं, म्हणून तर चार गॅरेजं सोडून इथे आले.”

मास्तर खूश झाले. शेवटी माणूसच. अर्धं व्हिनेगर, अर्धं शुद्ध पाणी घेऊन त्यांनी मऊ कापड भिजवलं, बॉनेटच्या डाव्या भागावर पसरलं आणि सवयीने गाऊ लागले.

“गळा नाही हो तुम्हाला.”

“ठाऊक आहे. तरी रोज पहाटे खड्या आवाजात गातो. घरात तक्रार करायला कुणी नाही.”

“आणि हातावर हे ओरखडे? मांजर पाळलंय?”

“गुलाब.”

त्या हसल्या, आणि मग मूळ गोष्टीवर आल्या. गाडी सुनेची होती. चार महिन्यांपूर्वी हे कुटुंब या गावात आलं. सून रोज साडेपाचला गाडी काढायची, फिरून येते म्हणायची, सातला परत. आज तिला ताप होता, म्हणून शेजारच्या ड्रायव्हरला घेऊन सासूबाई गाडीसह इथे पोचल्या होत्या.

“फिरायला जाते म्हणते, पण बुटांचे तळ कोरे! या गावात बदली मागून घे म्हणून मुलाच्या मागे तिनंच टुमणं लावलं. इथे तिचं आहे कोण? माहेरचं कुणी नाही म्हणते. लग्नालाही तिच्याकडून कुणी नव्हतं. कुठंतरी पाणी मुरतंय, मास्तर.”

“मुलाला बोललात?”

“तो शनिवारी येतोय दौऱ्यावरून. त्याच्या कानावर भलतंसलतं गेलं तर संसार मोडेल. त्याआधी खरं काय ते मला कळायला हवं.” त्यांचा आवाज उतरला. “पोर मला आवडते हो, हाच तर घोळ आहे. नावडती असती तर एव्हाना गावभर केलं असतं.”

मास्तरांना बाईंची दया आली, आणि न पाहिलेल्या सुनेचीही. परक्याच्या भानगडीत पडू नये हे त्यांना कळत होतं. पण डाग समोर होते, आणि डागापुढे त्यांची जीभ आवरत नसे.

“पावसाचं पाणी नाही, ते सगळीकडे पडलं असतं. टपावर, बॉनेटवर डावीकडे आहे, दाराच्या खालच्या भागावर नाही. म्हणजे पाणी भिंतीवरून येतं. पलीकडे बाग असणार, बागेत फवारा. गाडी भिंतीला चिकटून रोज त्याच जागी उभी राहते.”

“कुणाची बाग?”

“बघू.” त्यांनी कापड उचललं. पाण्यातल्या क्षारांचं पांढरं गेलं होतं, पण प्रत्येक थेंबाची कड अजून हिरवट होती. ते वाकले. बोटाने कड चाचपली. पुन्हा वाकले.

“काय झालं?”

“पाण्यात मोरचूद आहे. झाडांना बुरशी लागू नये म्हणून घालतात. फवाऱ्याच्या टाकीत सहसा नाही घालत कुणी.”

मग त्यांनी डावीकडचं पुढचं दार उघडलं. आतल्या बाजूला, हँडलवर, सीटच्या कडेवरसुद्धा तेच हिरवट ठिपके.

“काच खाली करून बसते ती,” ते सावकाश म्हणाले. “पाणी आत येतं, तरी वर करत नाही.”

“भिंतीकडची काच? भिंतीशी काय बोलते?”

“बोलत नसेल. ऐकत असेल.”

त्यांनी दुसरं कापड भिजवलं, पिळलं, परत भिजवलं. गाणं थांबलं होतं. एकदम त्यांनी विचारलं, “सूनबाई डावखुरी आहे?”

“अगंबाई! हेही डागावरून कळतं?”

मास्तरांनी गरम पाण्याची बादली घेतली. ऊब मिळाली की या फिल्मवरचे बारीक चरे आपोआप मिटतात. ते धार सोडत राहिले, चरे मिटले तरी सोडत राहिले. नगरपालिकेची बाग आहे, सून झाडं बघत बसते, असं सांगून मोकळं होता आलं असतं. बाईंनी विश्वास ठेवलाही असता. पण शनिवारी पुन्हा संशय, पुन्हा प्रश्न, आणि मध्ये ती तापाने फणफणलेली पोर. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“मास्तर, आडपडदा नको. भिंतीपलीकडे पुरुष राहतो की नाही?”

“राहतो. एकटाच.”

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “म्हणजे माझी शंका खरी. त्याला भेटते ती.”

“नाही भेटत.” डागमास्तरांनी बादली खाली ठेवली. “माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं सहा वर्षांपूर्वी मीच तिला बजावलं होतं. लेक शब्दाची पक्की निघाली, बाई. गाडीतून खाली उतरली नाही.”