कानशीच्या तीन रेघा

मिस्त्रीच्या लेकीच्या लग्नाला त्याचा थोरला भाऊ आला नाही. भावाची जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाइक मिस्त्रीने भलत्याच क्लच प्लेटा घालून बिघडवली होती, तेव्हापासून अबोला होता. गाडी नीट करून दादाच्या दारात उभी करायची, मगच तोंड दाखवायचं, असं मिस्त्रीने ठरवलं.

गाडीची कंपनी केव्हाच बंद पडलेली. बाजारात मिळे त्यातल्या कुठल्या प्लेटचे दाते लहान, तर कुठली जाड. दुकानं पालथी घातल्यावर एक सीलबंद पाकीट मिळालं. ते त्याने घरी येऊन बायकोसमोर फोडलं.

प्रत्येक प्लेटवर कानशीच्या तीन रेघा होत्या.

"थोरल्या भाऊजींची खूण," बायको म्हणाली. "प्लेट बरोबर बसली की तेच अशा रेघा ओढतात."

"सीलबंद पाकिटात?"

त्याने पाकीट उलटं केलं. तळहातावर लोखंडाचा कीस पडला. कानस आत्ताच थांबावी तसा गरम होता.

"आता तरी फोन करा. किती दिवस फुगून बसणार?"

त्याने दादाला फोन लावला. तो पुतण्याने उचलला. "काका, तुम्हाला कळवायचं नाही, असं बाबाच सांगून गेले."

कीस अजून हाताला पोळत होता. ऑगस्ट चालू होता. थोरला मे महिन्याच्या नऊ तारखेला वारला होता.