जोडीचा फोटो

आईच्या वाढदिवसाला भिंतीवरचा जुना फोटो मी उजळून, मोठा करून आणला. बाबा स्टुडिओच्या उसन्या कोटात खुर्चीवर. मागे पडद्यावर रंगवलेला जिना, तिपाईवर रेडिओ. शेजारी आई उभी, दोन्ही हात पुढे धरलेले. मी फोटोवरचा वेष्टनाचा कागद काढला आणि आत्याच्या हातातली बशी निसटली. बाबांच्या खांद्यावर एक हात होता, बांगड्या भरलेला. "वरचा रंग काढल्यावर हा निघाला म्हणे," मी चाचरलो. "पण आई, तुझे तर दोन्ही हात पुढे आहेत!" "वहिनी, सांगून टाका," आत्या पुटपुटली. आईनं चष्मा लावला. "तुझ्या आईचा तो. तू तान्हा असतानाच गेली ती. फोटोवाल्यानं तिच्यावर मला चिकटवलं, हात कोटाच्या रंगात बुजवला." मी फोटो उचलला. "परत बुजवून आणू?" "नको. जन्मभर तिच्याच जागी उभी आहे. हात तरी तिचा असू दे."